लतीफचाचांचा आभाराचा शुक्रवार

लतीफचाचांना थँक्यू म्हटलेलं चालत नाही. चालत नाही म्हणजे नुसतं तोंड वाकडं करत नाहीत, केलेलं काम परत घेतात. इथे आखातात, गुदैबियातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती तेव्हा त्यांनी आमचा गॅसचा सिलिंडर खांद्यावर घालून तिसऱ्या मजल्यावर आणला. बाबांनी दार उघडलं आणि सवयीने म्हणाले, "थँक्यू हं, लतीफभाई." चाचांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, सिलिंडर पुन्हा खांद्यावर घेतला आणि खाली नेऊन ठेवला. जिथून उचलला होता, त्याच फरशीवर. बाबा अकाउंटंट आहेत, जन्मभर फक्त आकडे उचललेत. तो सिलिंडर पुढे वर कसा आला ते मी लिहीत नाही.

"आपल्या माणसाला थँक्यू बोलतात काय?" दुसऱ्या दिवशी चाचा मला जिन्यात म्हणाले. "दुकानदाराला बोलायचा, टॅक्सीवाल्याला बोलायचा. तुझ्या बाबांनी, जोशीसाहेबांनी मना टॅक्सीवाला केला."

"मग तुमचे आभार मानायचे तरी कधी?"

"नोव्हेंबरात."

ही थट्टा नव्हती. चाचा सित्र्याला एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत आणि आमच्याच मजल्यावर राणे नावाच्या इलेक्ट्रिशियनबरोबर एका खोलीत राहतात. फार वर्षांपूर्वी त्यांच्या अमेरिकन सुपरवायझरने त्यांना थँक्सगिव्हिंगला, म्हणजे अमेरिकेतल्या आभाराच्या सणाला, घरी जेवायला बोलावलं होतं. जेवणाआधी टेबलाभोवती एकेकाने आभार मानले. चाचांना इंग्रजी अर्धंच कळलं, पण पद्धत पुरती पटली. वर्षाचे सगळे आभार एका दिवशी उरकायचे, मग पुढच्या नोव्हेंबरपर्यंत खलास. तेव्हापासून चाचा हा सण करतात. गुरुवार अमेरिकेचा, त्यांचा शुक्रवार. सुट्टी असते आणि जुम्म्याची नमाज झाली की माणसं भुकेली असतात.

मला हा सण पटत नव्हता आणि आजही पटत नाही. अमेरिकेतल्या ज्या मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावल्या त्यांच्या नावाने मेजवानी, आणि मेजवानीतलं अर्धं अन्न कचऱ्यात. हे मी चाचांना पहिल्याच वर्षी मुद्देसूद, पत्रक छापावं तसं ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत मान हलवत ऐकलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "कांदा चिरशील?"

मी कांदा चिरला. दरवर्षी चिरते. कचऱ्याचं म्हणाल, तर चाचांच्या घरातून हाडंसुद्धा मांजरांना मोजूनमापून जातात.

सणाला अमेरिकेत टर्की हा थोराड पक्षी भाजतात; त्याच्याशी चाचांची पहिली भेट अजून सांगितली जाते. सुपरमार्केटातून गोठलेला पक्षी आणला आणि वितळायला बाथरूममधल्या कपडे धुवायच्या टबात ठेवला. राणेकाका शिफ्टवरून आले, पाय धुवायला आत गेले आणि तसेच उलटे बाहेर आले. "लत्या, टबात कोण आहे?" पुढे पक्ष्याच्या पोटातून कागदाची एक पुडी निघाली. आत काळीज, पेठा, मान. टर्कीत हे असंच भरून देतात, हे चाचांना कुठून ठाऊक असणार? ते पुडी घेऊन दुकानात परत गेले. कुणा गिऱ्हाइकाचं सामान चुकून आपल्या पक्ष्यात राहिलंय, बिचारा शोधत असेल. काउंटरवरची मुलगी हसली. मला अजून तिचा राग येतो. न मागता परत द्यायला आलेला माणूस त्या दुकानात दुसरा कोण आला होता?

ओव्हन नाही, म्हणून पक्षी गल्लीतल्या खबूसच्या, म्हणजे अरबी रोटीच्या, भट्टीत जातो. पोटात मसालेभात, उकडलेली अंडी, तळलेला कांदा. वरून दही आणि हिरवं वाटण. नमाज झाली की चाचा पुढे, ट्रे धरून राणेकाका मागे, आणि अख्खी गल्ली वास घेत उभी. अमेरिकेत याच्याबरोबर लाल, आंबटगोड फळांची चटणी असते. चाचांच्या मते तो आपला कोकमच, नाव बदलून गेलेला. म्हणून कोकम सरबताचा मोठा जग, शेजारी सोलकढी. भोपळा भरलेल्या गोड पेस्ट्रीऐवजी भोपळ्याचे घारगे. अमेरिकेचा कुस्करलेला बटाटा म्हणजे फोडणी द्यायची राहून गेलेली भाजी. ती फोडणी माझी आई देते आणि आम्हा शाकाहारी लोकांचा डाव वेगळा ठेवला जातो, त्यावर चाचांची सक्त नजर.

या सगळ्यामागे हाजराचाची. चाचांची बायको, रत्नागिरीजवळच्या गावी. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवलेला आणि व्हिडिओवरून हुकूम. "आच कमी करा. कमी. तुमचा कमी नाय, माझा कमी." तिने टर्की कधी पाहिली नव्हती. मोठी कोंबडी समजून ती दीड हजार मैलांवरून शिजवत होती.

आभाराचे नियम कडक आहेत. ज्याचे मानायचे त्याच्या तोंडावर, थोडक्यात. ज्याचे मानले त्याने उत्तर द्यायचं नाही, घास घ्यायचा. बाबांनी सिलिंडरचे आभार त्या वर्षी रीतसर मानले. राणेकाका म्हणाले, "लत्या, तापात पेज करून घातलीस. मीठ नव्हतं. तरी आभार." चाचांनी निमूट घास घेतला. पण त्यांची पाळी आली की दरवेळी एकच. "माझा राहू द्या. टर्की थंड होते."

ही पळवाट मला सहन होईना. मागच्या वर्षी भांडी घासताना मी त्यांना धरलं. दुसऱ्यांना नियम लावायचे आणि स्वतः निसटायचं, हे कसं चालेल?

चाचांनी घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. मग म्हणाले, "ज्याचा मानायचा तो माणूस इथे नाय."

त्यांची आई अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं हाजराचाचीने केलं. दोन मुलींची लग्नं तिने लावली, चाचा सुट्टी संपल्यामुळे एका लग्नाला नव्हतेच. त्या अमेरिकन जेवणाहून परतल्यावर चाचांनी उत्साहाने घरी फोन लावला आणि बायकोला थँक्यू म्हणाले. पलीकडून तिने विचारलं, "मी परकी झाले काय?" आणि आठवडाभर फोनवर आली नाही. तेव्हापासून त्यांना तो शब्द चालेनासा झाला.

"मग तिला इथे आणलं का नाही?" मी विचारलं, आणि विचारताच लाज वाटली. फॅमिली व्हिसाला पगाराची अट असते. माणसाने इथे उभं आयुष्य द्यावं, पण बायको आणायची तर आधी पगार दाखवावा, ही अट ज्याने लिहिली तो घरी रोज कुणाबरोबर जेवतो ते मला बघायचंय. व्हिजिट व्हिसावर आणावं, तर आजारी सासूला टाकून ती निघणार कशी?

त्यानंतर चाचांची आई गेली. आणि या नोव्हेंबरात हाजराचाची व्हिजिटवर आली.

शुक्रवारच्या सकाळपासून चाचांचं लक्ष नव्हतं. वाटणात मीठ दोनदा पडलं. "ह्या वेळी बोलणार हाय, बाय," ते मला हळूच म्हणाले. "पण ती उठून गेली तर? लोकांसमोर?"

"नाही जाणार."

"तुना काय ठाव. ती जाते."

चाची ठेंगणी, करारी. ट्रे उघडला तेव्हा तिने पक्ष्याकडे नीट पाहिलं. "हा कोंबडा की बकरा?" मग घारग्याचा तुकडा मोडला. "गूळ कमी. फोनवर बोलले होते." ती आईच्या शेजारी बसली, सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला. चाचा या टोकाला. मधे सगळं जेवण.

बाबांचं झालं, राणेकाकांचं झालं, माझं झालं. चाचांची पाळी आली. राणेकाकांनी सरबताचा पेला खाली ठेवला. या खेपेला टर्की थंड होत असल्याचं कुणी बोललं नाही.

"हाजरा," चाचा म्हणाले. "अम्मीला तू न्हाऊ घातलास. तिची कूस बदललीस. रात्री ती मला हाका मारायची, तेव्हा ओ तू दिलीस. पोरींना तू सासरी पाठवलास. मी फोटो बघितले." पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. ते घारग्याकडे बघत बसले.

चाची उठली नाही. पदर सारखा केला.

"कळला," ती म्हणाली. "आता माझी पाळी नाय काय?"

आम्ही म्हणालो, आहे की. ती आमच्याकडे वळली. "तुम्ही सगळी परकी माणसं. तरी ह्यांना एकट्याला जेवू दिला नाय. म्हणून तुम्हाला थँक्यू." राणेकाकांना वेगळं म्हणाली, मला वेगळं, आईला वेगळं. नियमाप्रमाणे आम्ही एकेक घास घेतला.

"आणि लत्याला?" राणेकाकांनी विचारलं.

"ह्यांना कशाला? ह्यांना मी मरेपर्यंत बोलायची नाय."

चाचांनी मान वर केली नाही, पण त्यांचा चेहरा मी पाहिला. पगारवाढ झालेल्या माणसाचाही असा होत नाही.

मग चाचीने आपलं ताट उचललं, सगळ्या जेवणाला वळसा घालून सतरंजीच्या या टोकाला आली आणि चाचांजवळ उभी राहिली.

"सरका जरा," ती म्हणाली.