आईला मांजराची सवय लावताना

"माणूस असो नाहीतर मांजर, रुळवण्याची एक पद्धत असते!" रुळवेकर साहेबांनी चमचा हवेत धरून जाहीर केलं. घरातल्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं, कारण साहेबांनी एकदा चमचा हवेत धरला की मध्ये बोलून उपयोग नसतो, हे घर फार पूर्वीच शिकलेलं होतं.

रुळवेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. पंपांच्या कारखान्यात नव्या भरतीला कामावर रुळवायचं, एवढंच त्यांचं काम. म्हणून कामगारांनी त्यांना हे आडनाव परस्पर बहाल केलं होतं. त्यातली थट्टा साहेबांच्या लक्षात न आल्यामुळे ते त्यांना फार आवडायचं. त्यांची पद्धत अशी: नवा माणूस आला की त्याला एकदम फोरमनच्या तोंडी द्यायचं नाही. आधी नुसतं नाव कानावर घालायचं, मग लांबून दाखवायचं, मग जवळून. शेवटी फोरमनच विचारतो, "तो नवा कुठे गेला? चहाला नाही आला आज?" ही पद्धत फसते, असं साहेबांच्या तोंडावर अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. पाठीमागे काय बोलतात ते पाठीमागे!

या वेळची नवी भरती टेबलाखाली साहेबांच्या पायजम्याच्या नाडीशी झटापट करत होती. कारखान्याच्या स्टोअरकीपरला ती वॉशरच्या खोक्यात सापडली, म्हणून तिचं नाव वॉशर. राखाडी रंग, मुठीएवढा देह आणि आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्याचा! झालं होतं असं, की "गणितात पास झालीस तर मांजर आणीन," असं साहेब लेकीला म्हणून बसले होते. लेकीचं गणित पाहता या वचनात काही धोका नव्हता. पण पोरीने दगा दिला. पास झाली!

"आणि आईंचं काय?" बायकोने विचारलं.

आईचं काय, हाच तर खरा प्रश्न होता. साहेबांची आई सध्या आपल्या लेकीकडे राहायला गेली होती आणि रविवारी परत येणार होती. जाताना ती बजावून गेली होती, "मांजर या घरात आलं, की त्या दिवशी मी बॅग भरीन. दुधात केस मला चालायचा नाही." आई बोलते तसं करते. तिने जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली होती. समोरचा नुसता खाकरला तरी कोण खाकरलं ते ती सांगायची! गुडघे गेले, दात गेले, पण कान आहेत तसेच तिखट आहेत, हा तिच्या म्हातारपणीचा एकुलता एक अभिमान होता.

"अहो, सरळ सांगून टाका ना त्यांना," बायको म्हणाली. "दोन दिवस रागावतील, मग घेतील मांडीवर."

"सरळ?" साहेबांना धक्काच बसला. "सरळ सांगून कोणी रुळलंय आजवर? आधी वास. मग आवाज. मग लांबून दर्शन. मग ओळख. तोवर घरात मांजर आहे असं कोणी कबूल करायचं नाही. आवाज आलाच, तर काही झालंच नाही असं वागायचं. म्हणजे तो आवाज आईला आपोआप नेहमीचा वाटायला लागेल."

"बाबा, हे खोटं बोलणं नाही का?" लेकीने विचारलं.

"खोटं नाही. टप्प्याटप्प्याने खरं!"

वॉशरची रवानगी इस्त्रीच्या खोलीत झाली. खोली कसली, जुन्या सुटकेसी, इस्त्रीचं टेबल आणि मोडका पंखा यांच्यात उरलेली जागा. आईने तिथे डोकावू नये म्हणून "उंदरांचं औषध टाकलंय, दार उघडू नका" असं सगळ्यांनी सांगायचं ठरलं. ज्या खोलीत मांजर, तिलाच उंदरांचं औषध! पण साहेबांना यात काही वावगं वाटलं नाही.

आई आली. पहिला टप्पा वासाचा. आई आंघोळीला गेल्याबरोबर साहेबांनी तिची शाल पळवली, वॉशरला तिच्यात नीट घोळवून काढलं आणि शाल घडी करून होती तिथे ठेवली. आईने ती खांद्यावर घेतली आणि नाक मुरडलं.

"या शालीला कसला रे वास येतोय?"

"ताईकडचा असेल," साहेब बोलून गेले.

बस्स! आईने तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. "तुझ्या घरात कपड्यांना कसला वास येतो गं?" पलीकडून काय उत्तर आलं ते सगळ्या घराला ऐकू आलं. मग आईचा आवाज चढला, मग तिकडचा चढला, मग एक जुनी पातेल्याची भानगड निघाली आणि फोन आपटला गेला. थोड्या वेळाने ताईचा फोन साहेबांना. "काय रे, माझ्या घराला वास येतो असं तू म्हणालास?" साहेबांनी तिची समजूत घालायला तोंड उघडलं आणि एक सणसणीत शिंक दिली. "शिंकून विषय टाळू नकोस!" ताई म्हणाली आणि तिनेही फोन आपटला.

त्या आठवड्यात साहेब फार शिंकत होते. कधी ते सुटकेसींवरच्या धुळीला दोष देत, कधी ऑफिसच्या एसीला. पद्धत मात्र अगदी सुरळीत चालली होती, असं त्यांचं मत होतं.

दुसरा टप्पा आवाजाचा. सगळे जेवायला बसल्यावर साहेबांनी इस्त्रीच्या खोलीचं दार बोटभर उघडं ठेवलं. वॉशरने लगेच भोंगा दिला.

"म्याऽऽव!"

आईचा घास हातात राहिला. "हे कोण ओरडलं?"

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. बायकोने ताटात पाहिलं. लेक तर टेबलावरचा डाग अशा बारकाईने बघू लागली, की गणितात ती कशी पास झाली ते कळावं.

"कुठे काय?" साहेब म्हणाले. "मला नाही काही ऐकू आलं. तुला आलं गं?"

"नाही बाई," बायको पुटपुटली.

"म्याऽऽव!"

"हे! आत्ता! आलं ना?"

"नाही, आई."

आईने घास खाली ठेवला. मग पुन्हा उचलून खाल्ला. साहेबांनी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं. बघ, पहिल्याच दिवशी निम्मी रुळली!

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. "आलं ना?" असं आई आधी कमी विचारू लागली, मग विचारेनाशीच झाली. पेपर वाचताना ती मध्येच थांबायची, मान वळवायची, घरच्यांच्या तोंडाकडे एकेकदा बघायची आणि पुन्हा पेपरात डोकं घालायची. बायको कुजबुजली, "अहो, आई गप्प गप्प असतात. मला नाही हे बरं वाटत. सांगून टाका."

"उद्या दर्शनाचा टप्पा! ऐन वेळी पद्धत मोडायची नसते."

संध्याकाळी साहेब आईच्या खोलीत डोकावले, तर आई पलंगाच्या कडेला बसून टेलिफोनचा रिसीव्हर आधी एका कानाला लावत होती, मग दुसऱ्या कानाला. कोणाला फोन केलेला नव्हता. ती नुसतीच लाइनची घरघर ऐकत होती.

"ये, बस," आई म्हणाली. "तुला एक सांगायचंय. मला भास होतात रे. मांजर ओरडतं. अगदी स्पष्ट, या घरात असल्यासारखं. तुमच्यातल्या एकालाही ऐकू येत नाही, म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय. कान गेले की मग माझ्याजवळ राहिलं काय? उद्या मला कानाच्या डॉक्टरकडे ने."

आईच्या हातातला रिसीव्हर अजून घरघरत होता. आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं असं साहेबांना अगदी मनापासून वाटलं. पण सांगायचं कसं? 'आई, तुझे कान उत्तम आहेत, आम्हीच तुला आठवडाभर फसवतोय' हे वाक्य कुठल्याच टप्प्यात बसत नव्हतं! शेवटी ते म्हणाले, "नेतो." डॉक्टर कान चांगले आहेत म्हणून सांगतील, आई खूश होईल, आणि त्या खुशीत मांजर खपून जाईल. पद्धतीला त्यांनी आणखी एक टप्पा जोडला, इतकंच.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आईला काचेच्या पेटीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आईने ते असं दाबलं, जणू एक्स्चेंजमध्ये पुन्हा ड्युटी लागली होती. यंत्राचे आवाज बारीक होत होत संपले, तरी आईचं बोट चालूच!

"आजी, आता तर मी काहीच वाजवलं नाही."

"तुम्ही नाही. तुमचा कंपाउंडर बाहेर फोनवर कोणाला तरी सांगतोय की डॉक्टर आज मॅच बघायला लवकर निघणार आहेत."

डॉक्टर लाल झाले. "तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," ते म्हणाले.

साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण आईचा चेहरा काही खुलला नाही.

"मग ते मांजर?" तिने विचारलं. "दिवसातून कितीदा तरी ओरडतं. घरात कोणालाच ऐकू येत नाही. विचारा याला."

डॉक्टर साहेबांकडे वळले. "तुम्हाला येतं ऐकू?"

साहेब भिंतीवरचा कानाचा तक्ता वाचू लागले.

"हं," डॉक्टर गंभीर झाले. आवाज एकदम मऊ करून म्हणाले, "आजी, कान ठणठणीत असून आवाज येत असतील, तर तो माझा प्रांत नाही. माझे एक मित्र आहेत, मनाचे आजार बघतात. अगदी भला माणूस. घाबरण्यासारखं..."

आईने शाल घट्ट ओढून घेतली. म्हणाली, "म्हणजे मला वेड लागलंय." विचारलं नाही, नुसतं म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झालेला साहेबांनी वडील गेले तेव्हाही ऐकला नव्हता. पद्धत गेली चुलीत! ते खुर्चीवरून ताडकन उठले.

"आई, नाही गं! तसं नाही! ते म... ते मां... आऽऽक्छी!"

"काय?"

"घरात मां... आऽक्छी! खरंच मां... आऽऽक्छी!"

आठवडाभर जे सांगायचं टाळलं, ते आता सांगायचं म्हटलं तर नाक सांगू देईना! डॉक्टरांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, नाकात बॅटरी मारली, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. मग साहेबांच्या स्वेटरवरून त्यांनी चिमटीत काहीतरी उचललं आणि दिव्यासमोर धरलं. बारीक, राखाडी केस.

"तुम्हाला मांजराची ॲलर्जी आहे," डॉक्टर म्हणाले. "घरात मांजर आहे का?"

बाहेर कंपाउंडरने फोन ठेवला, तेही ऐकू आलं.

"सांग की रे," आई म्हणाली. "डॉक्टर काय विचारतायत?"

"आहे," साहेब म्हणाले. पूर्ण खरं, एकाच टप्प्यात.

आई घरात शिरली ती चपला काढून सरळ इस्त्रीच्या खोलीत. दार लावून घेतलं. बाहेर साहेब, बायको आणि लेक दाराला कान लावून उभे. आत सुटकेसीचं कुलूप खटकन उघडलं.

"बॅग भरतेय!" लेकीला रडू फुटलं. "बाबा, वॉशरला परत देऊन टाका, पण आजीला थांबवा!"

साहेबांचेही डोळे भरून आले, आणि या वेळी ते ॲलर्जीने नव्हे. "आई," ते दाराला तोंड लावून म्हणाले, "चुकलं माझं. मी आत्ता त्याला कारखान्यात सोडून येतो. तू जाऊ नकोस."

दार उघडलं. सुटकेस उघडी होती खरी, पण तिच्यातून आईने आपली जुनी लोकरीची टोपी काढली होती, आणि त्या टोपीत वॉशर बसला होता. आईच्या खांद्यावरची शाल ओळखीची वाटल्यामुळे असेल, तो तिला डोकं घासत होता.

"कोण जातंय?" आई म्हणाली. "आठवडाभर या घरात माझ्याशी खरं बोलणारं हे एकटंच होतं. बिचारं घसा फोडून सांगत होतं, मी आहे, मी आहे! आणि तुम्ही तिघं ताटात तोंड घालून बसलात. हे कुठेही जाणार नाही."

"पण दुधात केस?" बायकोने हळूच विचारलं.

"गाळून घेईन. खोटं काही गाळून घेता येत नाही."

मग तिने ताईला फोन लावून वासाचा खुलासा केला. खुलासा करताना दोघी मायलेकी साहेबांबद्दल जे बोलल्या ते ऐकायला तिखट कान लागत नव्हते. प्रश्न एकच उरला. ॲलर्जी जाईपर्यंत रोगी आणि मांजर एका खोलीत नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोघांपैकी एकाला वेगळं ठेवणं भागच होतं. घराने विचार केला. फार वेळ नाही केला.

आता साहेबांचं जेवण इस्त्रीच्या टेबलावर असतं. आई म्हणते, एकदम बाहेर यायचं नाही, पद्धतीने घ्यायचं. आधी वास, म्हणून त्यांचा एक जुना मोजा वॉशरच्या टोपलीत ठेवला आहे. वॉशर त्याच्यापासून लांब बसतो. मग आवाज. काल जेवणाच्या वेळी आईने दार बोटभर उघडं ठेवलं. आतून साहेबांनी कळवळून शिंक दिली. "आऽऽक्छी!"

बाहेर चमचे थांबले.

"काही आवाज आला का गं?" आईने सुनेला विचारलं.

"छे! मला नाही बाई काही ऐकू आलं."

"मलाही नाही, आजी," लेक म्हणाली.

"अहो, मी आहे!" साहेब आतून ओरडले. "मी शिंकलो!"

टेबलावर पुन्हा चमचे वाजू लागले. तेवढ्यात वॉशर हलकेच, जेमतेम कुजबुजल्यासारखा म्हणाला, "म्याव."

"आले रे आले, राजा!" तिघीही एकदम उठल्या.