उणे अठरा हजार लिटर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर यशराजने कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं : डेअरीत आलेलं दूध, उणे अठरा हजार लिटर.

"रेश्मा, हे काय?"

हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळणारी रेश्मा धावत आली. "सर, म्हणजे दूध आलंच नाही. उलट आपल्याकडनं गेलंय. टाकीतनं पाइपात, पाइपातनं टँकरात."

"आपण शेतकऱ्यांना दूध परत केलं?"

"सॉफ्टवेअर तर तसंच म्हणतंय. मला पाइपावरच्या मीटरचा संशय येतोय..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत डेअरीचे मालक, कळसचे सर्जेराव आबा, दारात उभे. रोजचा आकडा मालकांच्या मोबाइलवर परस्पर जावा, ही सोय यशराजनेच मोठ्या हौसेने करून घेतली होती.

"माझं दूध कुठं गेलं?" आबा गरजले.

गेट बंद झालं. पुण्याला निघालेला टँकर अडवला गेला. ड्रायव्हरांच्या जेवणाच्या डब्यांचीसुद्धा झाकणं उघडून झाली. अठरा हजार लिटर दूध डब्यात मावत नाही, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

"पण आबा, टाकी भरलेलीच आहे," रेश्मा म्हणाली.

आबा मटकन खुर्चीत बसले. "दूध गेलं आन् टाकी भरल्याली? म्हंजी कुणीतरी पाणी वतलंय!"

लगेच फॅट तपासली. ती नेहमीसारखीच निघाली. आबांनी ग्लासभर दूध पिऊन पाहिलं, मग खात्रीसाठी आणखी एक ग्लास घेतला.

"दूध झकास हाय," मिशा पुसत ते म्हणाले आणि त्यामुळे तर ते आणखीच हादरले.

शेवटी टँकरमधलं दूध टाकीत उतरवून घेणाऱ्या कुंडलिकला बोलावणं गेलं.

"पाइपाला हात तुझाच असतो न्हवं?"

"व्हय आबा. पर म्या दुधाला हात लावला न्हाय."

"ज्याच्यामुळं हे झालं, त्यो आज गेटाबाहेर! मग त्यो कुणी का असंना!"

"बरोबर आहे आबा," यशराजने री ओढली. "दयामाया नको."

कुंडलिक रडकुंडीला आला. दिवाळीनंतर त्याच्या घरी लग्न होतं.

रेश्माला मात्र राहवेना. "टाकीत दूध आहे, फॅटही बरोबर आहे. मग चोर कशाला शोधताय? मीटरच खोटं बोलतोय. चला, बघू."

दाराशी चपला काढून सगळे आत गेले. पाइपामध्ये जोडलेल्या मीटरवर कालच्या पूजेचा झेंडूचा हार अजून होता. रेश्माने तो बाजूला केला आणि कुंकवाचा जाड थर रुमालाने पुसला. खालून दुधाची दिशा दाखवणारा बाण निघाला. त्याचं टोक टाकीकडे असायला हवं होतं, ते होतं टँकरकडे.

"उलटा जोडलाय!"

"कुणी?" आबांनी विचारलं.

"म्या, आबा," कुंडलिक पुटपुटला. "काल पूजंच्या वक्ताला. त्याचं तोंड हिकडं करायचं म्हणून टोकं फिरवून जोडला. सायबांनीच सांगितलं."

दयामाया नको, हे आपण जरा मोठ्यानेच म्हणालो, असं यशराजला आता वाटलं.

"सांगितलं मीच, आबा," तो चाचरत म्हणाला. "पण... कुंकू लावताना तुम्हीच म्हणालात ना? ह्याचं तोंड भिंतीकडं हाय, पाठमोऱ्या देवाची पूजा कोन करतं, म्हणून?"

आबांनी मीटरकडे पाहिलं, मग कुंडलिककडे. ते वळले आणि तरातरा चालत गेटाबाहेर गेले.

मालकानेच स्वतःला कामावरून काढल्याचं यशराजने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. आता पगार कोण करणार, या विचारात असतानाच त्याचा फोन वाजला.

"यशराज, बोललो तसा गेटाबाहेर हाय. टपरीवर बसलोय, च्या सांगितलाय. कुंडलिकला आन् त्या पोरीला घिऊन ये."

"आलोच, आबा."

"आन् येताना माझ्या चपला आन. खडी लई टोचती."