पेलोआजोबा आणि हद्दीचा दगड

मुलांनो, डोळे मिटा आणि बघा: एक इवलंसं इंग्लिश खेडं. एक चर्च, एक पब, एक तळं आणि त्या तळ्यात, गाव आपल्याच बापाचं आहे अशा थाटात पोहणारी बदकं. हे झालं लिटल पकल. शेजारी ग्रेट पकल. ग्रेट पकल हे लिटल पकलपेक्षा लहान आहे, पण तिथे ते मोठ्याने बोलायचं नसतं. दिसलं सगळं? आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं!

दर सात वर्षांनी वसंतात हे गावकरी आपली हद्द फिरून येतात. हद्दीचा दगड आला की त्याला विलो झाडाच्या लवचिक छड्यांनी झोडपतात. मग गावातल्या एका मुलाला हातापायांना धरून उचलतात आणि त्या दगडावर धप्पकन आपटतात! कारण सरळ आहे. नकाशा हरवतो, पण असला धपाटा माणूस जन्मभर विसरत नाही. म्हातारपणी तेच मूल साक्ष देतं, "हद्द इथंच!"

यंदा आपटून घ्यायचा मान आठ वर्षांच्या टॅबिथाचा होता आणि मिरवणुकीच्या पुढे होते तिचे आजोबा, कथबर्ट पेलो.

"आजोबा, नकाशा घेतला?"

"नकाशा? अगं, मी लहानपणी प्रत्येक दगडावर आपटलोय! डोळे बांधून मला कुठल्याही दगडावर बसव, कुठला ते सांगतो!"

सकाळभर आजोबांनी बरोबर दगड दाखवले. शेवटचा दगड तळ्याच्या पलीकडच्या काठाला. तो होता म्हणून तळं आणि बदकं लिटल पकलची. पण तिथे पोचतात तो काय! दगड गायब. नुसता खड्डा! आणि पलीकडून ग्रेट पकलची मिरवणूक येत होती. पुढे ॲगाथाबाई ब्रिंडल, चेहरा लिंबासारखा.

"काय हो मिस्टर पेलो, दगड हरवला वाटतं? मग तळं आमचं."

"हरवतोय कसला! इथंच कुठंतरी सरकला असेल."

आणि आजोबांनी शोध सुरू केला, आपल्या पद्धतीने. दिसेल त्या दगडावर बसायचं, डोळे मिटायचे, मान हलवायची.

"हा नव्हे. हा फार टोकदार. हाही नव्हे, हा गार लागतो."

मागे अख्खं गाव शांतपणे उभं. वडीलधाऱ्या माणसाला दगडावर बसताना टोकायचं कसं? सगळे ढगांकडे बघत राहिले.

बसत बसत आजोबा तळ्याच्या अलीकडच्या, आपल्याच गावच्या मिल्ड्रेडबाई ऑटरशॉंच्या बागेत शिरले.

"हा... हा ओळखीचा वाटतोय! पण सरकतोय का हा?"

"आजोबा, उठा! ते कासव आहे!"

मिल्ड्रेडबाई दारात आल्या. बागेत दोन गावं उभी बघून त्या एवढंच म्हणाल्या, "अगंबाई! चहा टाकते." आता चहा झाल्याशिवाय भांडायचं म्हणजे रानटीपणा. दोन्ही गावांनी रांगेत उभं राहून चहा घेतला. कप कमी पडले म्हणून ॲगाथाबाईंना जामच्या बरणीतून प्यावा लागला.

आजोबा स्वयंपाकघराच्या पायरीवर टेकले आणि त्यांच्या हातातला कप उडाला.

"हाच तो! हाच! डावीकडे तोच उंचवटा!"

"हो तर," मिल्ड्रेडबाई म्हणाल्या. "आमच्या लेकाने, आर्नल्डने, आणला हातगाडीवरून. देव त्याचं भलं करो. सपाट दगड म्हणजे त्याचा जीव की प्राण! सिमेंटमध्ये पक्का बसवलाय हो."

चौघे दांडगे गडी पुढे झाले. दगड काही हलेना. हलल्या त्या गड्यांच्या कमरा!

ॲगाथाबाईंनी बरणी खाली ठेवली. "नियम म्हणजे नियम. जिथं दगड, तिथं हद्द. म्हणजे तळं आमचं, बदकं आमची आणि हे स्वयंपाकघरही आमचं."

"काय?" मिल्ड्रेडबाई किंचाळल्या. "माझी शेगडी ग्रेट पकलमध्ये? त्या गावात मी कधी पाणीसुद्धा प्याले नाही!"

"चला, आटपा!" ॲगाथाबाई म्हणाल्या. "मुलीला आपटा. साक्ष पक्की होऊन जाऊ दे."

आजोबांचा चेहरा पडला. रीत तर मोडता येईना. गड्यांनी कमरा चोळत टॅबिथाचे हातपाय धरले.

"थांबा!" टॅबिथा ओरडली. "आजोबा, इथं आपटलं तर मला कुठली जागा आठवेल?"

"इथलीच गं, बाळा."

"माझे केस पिकेपर्यंत?"

"केस पिकेपर्यंत."

"म्हणजे मी म्हातारी झाल्यावर तळं त्यांचं आहे असं मीच सांगणार?"

हा विचार दोन्ही गावांत कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

टॅबिथाने हिसडा मारला, हातपाय सोडवले आणि धूम ठोकली. दगडाच्या जुन्या खड्ड्याशी ती पोचली आणि सगळ्यांच्या देखत, पांढऱ्या फ्रॉकसकट, चिखलात बसली. धप्प!

"लक्षात राहील ना गं?" आजोबांनी धापा टाकत विचारलं.

"दुखतंय म्हणजे राहील!"

ॲगाथाबाईंनी मागे वळून पायरीवर आपटायला आपल्या गावाचं एखादं मूल शोधलं. पण ती सगळी बागेत कासवामागे लागली होती.

तेवढ्यात टॅबिथा उठली. तिने ग्रेट पकलच्या बाजूचं हिरवंगार कुरण नीट न्याहाळलं, चांगली लांबवर तिकडे सरकली, आणि पुन्हा बसली.