शेळीचा पाचवा पाय

"अर्ध्या तासाचं काम आहे, काकू," आमोद म्हणाला, आणि तिथेच सगळं बिघडलं. आमोदने आजवर ज्या ज्या कामाला अर्ध्या तासाचं काम म्हटलं, त्यांची काय गत झाली ते त्याच्या बायकोला विचारा. अपूर्वा बाथरूमच्या नळापासून सुरुवात करेल आणि संध्याकाळपर्यंत थांबायची नाही.

पण आधी घाटावरचं सांगायला हवं, कारण हे लचांड तिथून घरी आलं.

आमोदचे बाळकाका गेले. वडिलांच्या माघारी याच काकांनी त्याला वाढवलेलं, काकांना स्वतःचं मूलबाळ नाही, तेव्हा दहावा करायला आमोदच बसला. ओंकारेश्वरापाशी सगळी मंडळी जमली. गुरुजींनी पिंड मांडले आणि सगळे लांब उभे राहून झाडाकडे बघू लागले. झाडावर कावळे होते, पण ते पुण्याचे कावळे. कुणी बोलावलं म्हणून लगेच येतील तर शपथ.

मग आश्वासनं सुरू झाली. काकूंना अंतर देणार नाही, असं एक चुलतभाऊ म्हणाला. कावळा हलला नाही. सहकारनगरचा फ्लॅट इतक्यात विकणार नाही, असं दुसऱ्याने सांगितलं. कावळ्याने मान दुसरीकडे वळवली. शेजारचे एक गृहस्थ पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "बाळासाहेब, लिफ्टची तक्रार मी पुढे चालवीन." तरी काही नाही.

"आणखी काही राहिलंय का, बघा," गुरुजी म्हणाले. "मागे दुसरी मंडळी थांबलीत. नाहीतर दर्भाचा कावळा करू. शास्त्रात आहे."

"दर्भाचा नको," सुनीतीकाकू म्हणाल्या. "यांना खोटं चालायचं नाही."

उन्हं वर आली होती. आमोदचं मुंडण झालेलं डोकं तापलं होतं, हडपसरच्या ऑफिसातून तिसरा फोन येऊन गेला होता. वैतागून, तोंडाला येईल ते तो बोलून गेला. "काका, तुमचं ते चित्र मी प्रदर्शनात लावतो. चांगलं मोठ्ठं करून लावतो."

कावळा उतरला. नुसता शिवला नाही, अर्धा पिंड घेऊन गेला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" काकूंनी डोळे पुसले. "चित्र लागेपर्यंत मी चहा सोडला."

आता तुम्हाला सुनीतीकाकू माहीत नाहीत, म्हणून तुम्ही स्वस्थ बसला आहात. त्या माउलीचा दिवस चहाने उजाडायचा आणि चहानेच मावळायचा. मोठ्या ऑपरेशनमधून शुद्धीवर येताना त्यांनी पहिला शब्द काढला होता तो चहा. तो चहा त्यांनी सोडला, आणि तोही आमोदच्या शब्दावर.

चित्राचं असं होतं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांना फोनवर चित्रं काढायचा नाद लागला. काढायची म्हणजे सांगायची. डोंगर हवा, नदी हवी, असं कॉम्प्युटरला लिहून द्यायचं आणि तो चित्र करून द्यायचा. माणसं शंभर चित्रं करतात, काका एकच घेऊन बसले. नदी, डोंगर, झाड, एक शेळी. रोज सकाळी त्यात काहीतरी बदलायचं आणि 'सुप्रभात' लिहून घरच्या ग्रुपवर पाठवायचं. ग्रुपवर काकू सोडून सगळे नातेवाईक होते आणि सगळ्यांनी काकांना म्यूट केलेलं होतं. आमोदनेसुद्धा.

घाटावरून आल्यावर, निदान काय लावायचं आहे ते तरी बघू म्हणून, आमोदने काकांचा फोन उघडला. आमोद सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. तोच त्याचा पगाराचा धंदा. चित्र पाहून त्याला उलट हायसं वाटलं, कारण चुका ढीगभर होत्या. जन्मभर पाटबंधाऱ्यात काढलेल्या माणसाची नदी डोंगरावर चढत होती. झाडाची सावली सूर्याच्याच दिशेला पडली होती. आणि शेळीला पाच पाय होते.

"अर्ध्या तासाचं काम आहे, काकू," असं तो म्हणाला ते तेव्हा.

प्रदर्शनाचं जमलं. अपूर्वाची मैत्रीण स्पृहा डेक्कनजवळच्या एका कलादालनात कॉम्प्युटरवर केलेल्या निसर्गचित्रांचं प्रदर्शन भरवत होती. तिने चित्र पाहिलं आणि स्पष्टच सांगितलं.

"इमोशनल व्हॅल्यू मला समजते रे. पण असं नाही लावता येणार. या चित्रांना लोक येतात ना, ते आधी बोटं आणि पाय मोजतात. कॉम्प्युटरची चूक पकडायची असते त्यांना. हे क्लीन करून दे. आणि रिझोल्यूशन वाढव."

आमोद कामाला बसला. नदी उताराला लावायला सांगितली, तर कॉम्प्युटरने डोंगरच उचलून पलीकडे ठेवला. डोंगर परत आणला, तर झाड गेलं. सावली सरळ केली, तर दोन सूर्य उगवले. शेळीचा एक पाय काढ म्हटलं, तर त्याने दोन काढले. एक परत दे म्हटलं, तर शेळीचा कुत्रा झाला. मग दगड झाला. दगडाची पुन्हा शेळी करेपर्यंत आमोदची रजा संपली.

इकडे काकू आमोदकडेच राहायला आलेल्या. बिनचहाच्या. डोकं दुखायचं म्हणून कपाळाला फडकं घट्ट बांधून त्या त्याच्या खुर्चीमागे बसायच्या. स्क्रीनकडे मात्र बघायच्या नाहीत, चित्र लागलं की भिंतीवरच बघेन म्हणायच्या. अपूर्वा बिचारी स्वतःचा चहा बाल्कनीत दार लावून चोरून प्यायची.

"होईल हो काकू, या आठवड्यात," आमोद म्हणायचा.

"सावकाश कर," काकू म्हणायच्या. "मला काय घाई. यांनाही नाही. खोळंबून राहायची सवय आहे त्यांना, सरकारी नोकरी होती."

असं कुणी बोललं की माणूस घाई करतो. चित्र बदललं की आमोद जुन्यावरच सेव्ह करत गेला. फोनवरून सगळं उतरवून घेतलंय या समजुतीत काकांचा फोन पुसून त्याने भांडीवाल्या बाईंना देऊन टाकला. आणि अखेर चित्र झालं. झालं म्हणजे काय झालं होतं! नदी आज्ञाधारकपणे खाली वाहत होती, एकच सूर्य, एकच सावली, आणि रेशमी केसांची, विलायती दिसणारी, चार पायांची शेळी. कॅन्व्हासवर छापून आलं तेव्हा ते दिवाणखान्याच्या भिंतीएवढं होतं. आमोदला स्वतःचा अभिमान वाटला, आणि काकांचाही.

उद्घाटनाला लोक आले. पाय मोजून गेले. कुणाला काही सापडलं नाही. स्पृहा म्हणाली, या शोमधलं सगळ्यात क्लीन काम हेच. खाली पाटीवर काकांचं नाव होतं. थर्मासमध्ये चहा भरून अपूर्वा दाराशी तयार उभी होती. मग कपाळाचं फडकं सोडून, इस्त्रीचं पातळ नेसून सुनीतीकाकू चित्रासमोर आल्या. चष्मा पुसला. पुन्हा लावला.

"हे कुणाचं?"

"काकांचं," आमोद म्हणाला. "खाली नाव आहे बघा."

"नाव मला वाचता येतं. यांची शेळी कुठे आहे?"

"ही काय."

काकूंनी बोट हवेत धरून मोजलं. "हिला चारच पाय आहेत."

"ती चूक होती, काकू. मी दुरुस्त केली."

काकूंचा आवाज अगदी साधा होता. "ऑपरेशन झाल्यावर मी कुणाशी बोलत नव्हते, तुला आठवतंय. जेवत नव्हते. हे सकाळी चहा घेऊन आले, फोन पुढे धरला, म्हणाले, हे बघ काय झालंय. पाच पायांची शेळी. मला एवढं हसू आलं की चहा सांडला अंगावर. त्यानंतर रोज नदी बदलली, डोंगर बदलला, पण शेळीला हात लावू दिला नाही त्यांनी. मी रोज विचारायचे, आज कुठे निघाल्या बाई पाच पायांनी? हे म्हणायचे, स्वारगेटला, एसटीला जागा धरायला. रोज नवीन काहीतरी सांगायचे. चहा होईपर्यंत आमचं तेच चालायचं."

आमोदने पाटीवरच्या काकांच्या नावाकडे बघितलं.

"दर्भाचा कावळा नको म्हटलं होतं मी," काकू म्हणाल्या, आणि थर्मासकडे न बघता बाहेर गेल्या.

प्रदर्शन संपायला आठवडा होता. घरी येऊन आमोदने मूळ चित्र शोधायला घेतलं. लॅपटॉपवर एकच फाइल होती, पायरीपायरीने सुधारलेली, चार पायांची. भांडीवाल्या बाईंनी फोनमध्ये नातवाचे फोटो भरले होते. मग त्याने ग्रुपवर विचारलं, काकांचं एखादं सुप्रभात कुणाकडे आहे का. नाशिकच्या आत्या म्हणाल्या, जागा भरते रे, मी रोजच्या रोज पुसते. चुलतभाऊ म्हणाला, आमच्याकडे ते आपोआपच उडतं. एवढी वर्षं, एवढी माणसं, आणि एकाकडेही काकांची एक सकाळ शिल्लक नव्हती. शेवटी आमोदने स्वतःचा फोन मागे मागे सरकवत नेला. काकांची सगळी चित्रं तिथे होती, न उघडलेली, धुरकट चौकोनांच्या रूपात. एकावर बोट दाबलं. फोन म्हणाला, ही फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

आमोदने दुसऱ्यावर दाबलं. तिसऱ्यावर दाबलं. फोन तेच सांगत राहिला.

मग नव्याने करू, असं ठरलं. चुका करणं तर सोपं असतं. पण एवढ्या वर्षांत कॉम्प्युटर शहाणा झाला होता. पाच पायांची शेळी मागितली की तो चार पायांची द्यायचा आणि खाली नम्रपणे लिहायचा, ही घ्या आपली पाच पायांची शेळी. मोजून बघ म्हटलं की माफी मागून पुन्हा चार. खूप दटावलं तेव्हा पाच शेळ्या दिल्या. एकदा पाच शिंगं दिली. एकदा पाय तीनच होते आणि शेळी हसत होती.

"तुझ्यावर गेलाय," अपूर्वा म्हणाली. "चुकलं तरी झालंच म्हणतो."

शेवटच्या दिवशी दुपारी कलादालनात कुणी नव्हतं. स्पृहा जेवायला गेली होती. आमोदने खिशातून काळं स्केचपेन काढलं. चित्रकलेत त्याला शाळेत कायम काठावर पास केलेलं. त्याने श्वास रोखला आणि त्या निर्दोष, रेशमी शेळीला मागच्या बाजूला एक पाय काढला. तो शेवग्याच्या शेंगेसारखा झाला. नीट करायला गेला तर आणखी जाड झाला. तेवढ्यात मागे डबा पडल्याचा आवाज आला.

"आमोद, हे तू काय केलंयस?" स्पृहा पांढरीफटक पडली होती. "उतरव ते. आत्ताच्या आत्ता."

"काकू येताहेत. अपूर्वा त्यांना घेऊन निघालीय. दहा मिनिटं राहू दे."

"एक मिनिटसुद्धा नाही. समारोपाला प्रेस येतेय माझ्याकडे."

तिने शिडी आणली, एक खिळा सोडवला, चित्र एका बाजूला कललं, आणि दारातून काकू आत आल्या. रिक्षातून कशाबशा आणलेल्या, आणि आता येऊन काय करू असा चेहरा केलेल्या.

"बाई, शिडीवरून उतरा," काकू म्हणाल्या. "या शेळीचं माझ्याशी काम आहे."

पुण्यात या स्वरात कुणी बोललं की माणूस उतरतो. स्पृहा उतरली. काकू तिरक्या चित्राजवळ गेल्या. खूप वेळ बघत राहिल्या.

"पाय पुढच्या बाजूला होता," काकू म्हणाल्या.

"मला आठवत नव्हतं."

"कसं आठवेल? तू नीट बघितलंयस कधी?"

काकूंनी हात लांबवून त्या पायावरून बोट फिरवलं. शाई ओली होती, बोट काळं झालं. "ही शेवग्याची शेंग घेऊन कुठे निघाल्या बाई?" त्या हळूच म्हणाल्या, आणि उत्तराची वाट बघत तशाच थांबल्या. उत्तर कुणाला देता येणार! मग त्यांना हसू आलं. हसता हसता बाकावर बसल्या, आणि तिथे त्यांचं रडू सुरू झालं. काका गेल्यापासून त्या अशा रडल्या नव्हत्या.

"आता गेले हो ते," त्या म्हणाल्या.

इतके दिवस आमोद काकांना मोकळं करायचीच खटपट करत होता. ती साधली, आणि त्याच्या लक्षात आलं की काका खरंच गेले. तोही त्यांच्या शेजारी बसून मनसोक्त रडला. स्पृहाने शिडी धरून ठेवली आणि दुसरीकडे बघितलं.

अपूर्वाने खालच्या टपरीवरून चहा आणला. काकूंनी एक घोट घेतला. "साखर जास्त आहे," म्हणाल्या, आणि सगळा प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमोदने त्या चित्राचा फोटो घरच्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, सुप्रभात. दिवसभरात एकच उत्तर आलं, नाशिकच्या आत्यांचं. 'आमोद, शेळीला पाच पाय झालेत. पाठवण्याआधी बघत जा जरा.' बाकीच्यांनी बहुतेक पुसून टाकलं असावं.