बंबाच्या शेडचा वर्ग कोणता?

आग कोणी लावली यापेक्षा ती विझवायचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मानवजातीला जास्त छळत आलेला आहे. (गुहेतल्या लोकांनी काय ठरवलं याची नोंद नाही. समिती नेमली असणार.)

आमच्याकडे, म्हणजे सिडनीपासून पाच तासांवरच्या कुरांबील गावात, हा खर्च आजवर विम्यातून निघायचा. ज्यानं घराचा विमा उतरवला त्याच्या हप्त्यात बंबाचा भार, आणि ज्यानं उतरवला नाही त्याला बंब फुकट. काळजी घेणाऱ्याला दंड आणि बेफिकिराला बक्षीस, अशी सुटसुटीत व्यवस्था होती. तिचा आदर्श लाभार्थी म्हणजे डार्बी मिल्न. डार्बीनं जन्मात विमा उतरवलेला नाही. त्याच्या घराला दोनदा आग लागली आणि दोन्ही वेळा बंब सात मिनिटांत पोचला. (मी चोवीस वर्षं हप्ता भरतोय. माझ्या दारात बंब एकदाच आला, तोही पत्ता चुकून.)

"तुम्ही भरता म्हणून मला भरावं लागत नाही, याची जाणीव आहे मला," डार्बी पबमध्ये सांगतो आणि माझ्याच पैशाची बिअर पितो. "उपकार विसरणाऱ्यातला नाही मी."

यावर सरकारनं उपाय काढला. एक जुलैपासून विम्यावरचा भार रद्द, तो घरपट्टीत घालायचा. ज्याची जागा त्याची पट्टी. विमा असो वा नसो. इतकी न्याय्य गोष्ट सरकारला सुचली याचंच आम्हाला भय वाटलं. जागांचे वर्ग पाच ठरले: राहती, शेती, कारखानी, व्यापारी आणि मोकळी. व्यापारी जागेला पट्टी सगळ्यात जास्त. मोकळ्या जागेला सगळ्यात कमी, कारण तिथं जळायला काही नसतं.

आता आमचा बंब ज्या शेडमध्ये उभा राहतो, ती शेड व्यापारी वर्गात निघाली. चूक कुणाचीच नाही. बंबाची कॅप्टन नोलीन ट्रेस्कॉट गेली एकोणीस वर्षं दर शनिवारी शेडच्या मागं मोठ्या तव्यावर सॉसेज भाजून, पावात घालून, वर कांदा टाकून विकते. ती शेड त्या सॉसेजच्या पैशातूनच उभी राहिली. पण कागदावर ती 'शिजवलेले खाद्यपदार्थ नियमितपणे विकण्याची जागा' ठरली. म्हणजे बंब चालवण्यासाठीची पट्टी सगळ्यात जास्त भरायची ती बंबानंच. पट्टी झेपावी म्हणून नोलीननं रविवारीही तवा तापवला, तेव्हा पट्टी ठरवणाऱ्या सिडनीच्या अधिकारी बाईंनी 'व्यवसायात वाढ' असा शेरा मारला. पट्टी थकली तर शेडला टाळं लागणार होतं आणि बंब उघड्यावर.

म्हणून जूनच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीतल्या, एका शनिवारी शेडला लागून असलेल्या सभागृहात गावसभा भरली. बंबावरचे अकराही स्वयंसेवक हजर होते, कारण विषय त्यांचाच होता. सभेनंतर खायला म्हणून सॉसेज मागं तव्यावर चढवून ठेवले होते. हार्डवेअरवाला लेस्टर पॉकनॉल अध्यक्षस्थानी होता आणि सिडनीहून आलेल्या अधिकारी बाई वही उघडून त्याच्या शेजारी. लेस्टर नियमांचा पक्का. बायकोशीसुद्धा तो अनुमोदनाशिवाय बोलत नाही म्हणतात.

प्रथम नोलीननं हात वर केला. "लेस्टर, मागनं धूर येतोय."

"थंडीत धूर येणारच, बाई. घरोघर शेगड्या पेटल्यात. आणि बोलण्यात तुझा नंबर पाचवा आहे."

मग बंबाचा खजिनदार या नात्यानं मी माझी कामगिरी सांगितली. एक जुलैला भार गेला की हप्ता उतरणार, हे ओळखून मी एकतीस मेला संपलेला शेडचा विमा पुन्हा उतरवलाच नव्हता. एक महिना कळ काढायची, की स्वस्तात काम. टाळ्या पडल्या. मी दोनदा वाकलो.

मग डार्बी उठला. "माझं घर दोनदा जळलंय. म्हणजे माझ्या वाट्याची आग झालेली आहे. मला पट्टी कशाची?" अधिकारी बाईंनी हे लिहून घेतलं. (त्या सगळंच लिहून घेतात.)

"लेस्टर, हा शेगडीचा धूर नव्हे. काळा आहे!" नोलीन उभी राहून ओरडली.

"ठराव मांडतेस का?"

"मांडते! सगळ्यांनी बाहेर येऊन बघा, हाच ठराव."

"अनुमोदन कुणाचं?"

मी देणारच होतो. पण तेवढ्यात बाईंनी तव्याला चाकं लावली तर तो फिरता व्यवसाय धरता येईल, असा मुद्दा काढला, आणि तो इतका गोड होता की माझा हात खालीच राहिला. "मरा मेल्यांनो!" म्हणत नोलीन खुर्ची लाथाडून गेली. शेड व्यापारी वर्गातून काढावी हा ठराव त्रेचाळीस विरुद्ध एक मतानं मंजूर झाला. (एक डार्बी. त्याचं तत्त्व आहे.) बाई म्हणाल्या, प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल. म्हणून आम्ही सगळे बाहेर आलो.

पाहणी करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. सॉसेजची चरबी पेटून शेडच्या भिंतीला लागली होती आणि छप्पर खाली बसलं होतं. नोलीननं बंब एकटीनं बाहेर काढला होता आणि ती एकटीच पाइप धरून सभागृहाची भिंत भिजवत होती. त्या भिंतीच्या आत आम्ही चर्चा करत होतो. अकराजणांनी धावत जाऊन तिच्या हातातला पाइप घेतला तेव्हा ती खाली बसली आणि काजळलेल्या तोंडानं ढसाढसा रडली.

"एकोणीस वर्षं कांदा चिरला मी या शेडसाठी. तेव्हासुद्धा एवढं पाणी नव्हतं आलं डोळ्याला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेस्टरनं तिच्या खांद्यावर स्वतःचा कोट टाकला. "अध्यक्षांना न विचारता तू उठून गेलीस, ते मी इतिवृत्तात घेत नाही," तो हळूच म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठी माया शक्य नाही.

"विमा होता ना रे?" कुणीतरी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. डार्बीनं मात्र जवळ येऊन माझ्या गळ्यात हात टाकला. "ये लेका, आमच्यात ये."

बाईंनी तिथंच निकाल दिला: जागा यापुढे 'मोकळी' या वर्गात, पट्टी सगळ्यात कमी. आम्ही मागितलं त्याहून जास्त पदरात पडलं. बंब आता लेस्टरच्या दुकानामागं उघड्यावर असतो आणि नोलीन त्याच्यावर असते. सभांना यायचं तिनं सोडलंय.

हसताय ना? हसा. पण धूर तुम्हालाही दोनदा दिसला होता, आणि तुम्हीही शेडचा वर्ग कोणता लागतो तेच वाचत पुढं गेलात. सभागृहात नोलीनची खुर्ची रिकामी आहे. या, बसा. तुमचं अनुमोदन आम्ही धरूनच चाललोय.