दात, दूध आणि गवत

कंपाउंडर काकांनी महिनाभर कानडीचा असा काही ध्यास घेतला होता, की घरातली माणसं त्यांना पाहून रस्ता बदलत. "हालु म्हणजे दूध, हल्लु म्हणजे दात, हुल्लु म्हणजे गवत," असं पुटपुटत ते गाळणं शोधत आणि तोवर चहा उतू जाई.

कारणही तसंच होतं. मुलाने पसंत केलेली मुलगी कानडी. तिचं आणि तिच्या आईचं मराठी अगदी फर्डं. पण वडील अडून बसले होते. ज्या घरात आपल्या भाषेतलं अक्षर कोणाला येत नाही, तिथे मुलगी द्यायची नाही म्हणजे नाही! रविवारी ते स्वतः घर बघायला येणार होते.

आता काकांचा जन्म गेला औषधाच्या दुकानात. सारख्या नावांच्या बाटल्या शेजारी ठेवायच्या नाहीत आणि खात्री नसेल तर बाटली खाली काढायचीच नाही, हा तिथला नियम. पस्तीस वर्षांत एक चूक नाही. भल्या माणसाने तोच नियम भाषेला लावला.

"हण म्हणजे पैसे आणि हेण म्हणजे प्रेत," ते काकूंना म्हणाले. "सोयरिकीच्या बैठकीत तोंड उघडायचं तरी कसं?"

"अहो, नुसतं 'या, बसा' म्हणा की!"

"खात्री नाही."

रविवारी पाहुणे आले, बसले. काका गप्प. समोर मुलीचे वडीलही गप्प, चेहरा कडक इस्त्रीचा. मुलगा बापाला डोळ्यांनी विनवत होता. काकांनी बिस्किटांची बशी तिसऱ्यांदा पाहुण्यांपुढे सरकवली. खोलीत फक्त बिस्किटं चावल्याचा आवाज.

"यांचा घसा बसलाय हो," काकूंनी ठोकून दिलं.

"अगं बाई! आणि यांची दाढ दुखतेय सकाळपासून," मुलीची आई म्हणाली.

दाढ म्हटल्याबरोबर काका ताडकन उठले. दुखणं समोर आल्यावर गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. लवंगेचं तेल, कापूस, चिमटा घेऊन ते पाहुण्यांपुढे उभे राहिले आणि खणखणीत आवाजात विचारते झाले, "याव हल्लु?"

कुठला दात! अस्सल कानडीत! पाहुण्यांनी आश्चर्याने आ वासला, आणि काकांनी तेवढ्यात तेलाने निथळणारा बोळा आत सारला.

"अहो, सोडा! काही दुखत नाही मला!" पाहुणे किंचाळले, तेही मराठीत.

काका चिमटा धरून बघतच राहिले. "तुम्हाला मराठी येतं?"

"महिनाभर शिकतोय! पाट, पाठ, पाटी, पट्टी... डोकं फिरलं माझं! भलतंच बोललो तर मुलीचं हसं होईल, म्हणून दाढेचं सोंग केलं."

"माझंही घशाचं सोंगच!" काकांनी हसत हसत त्यांना मिठी मारली. दोघेही मग असे काही बोलत सुटले, की बायकांना मधे शिरायला फट सापडेना.

शेवटी मुलीनेच धीर केला. "अप्पा, मग आमचं काय ठरलं?"

अप्पांनी तोंड उघडलं. पण एव्हाना तेलाने जीभ पार बधिर झाली होती. "बा... लु... फ्फ..." असं काहीतरी बाहेर पडलं, जे दोन्ही भाषांत बसत नव्हतं.

"हो म्हणाले!" मुलीची आई घाईघाईने म्हणाली आणि काकूंकडे वळली. "विहीणबाई, कॅलेंडर आणा बघू. यांची जीभ जागेवर यायच्या आत तारीख धरून टाकू."