गाठींचा रुमाल

सामंत सरांचा रुमाल संध्याकाळी कधी सपाट नसायचा. सकाळी इस्त्रीचा पांढरा रुमाल घेऊन ते परळच्या आमच्या कॉलेजात यायचे आणि घरी जाईपर्यंत त्याला चार-पाच गाठी पडलेल्या असायच्या. कुणी काही चांगलं सांगितलं की सर बोलता बोलता एक गाठ मारायचे. प्राचार्यांना हे शोभत नाही, असं स्टाफरूमचं मत होतं.

सर मूळचे मानसशास्त्राचे. म्हणायचे, "वाईट आपोआप लक्षात राहतं. चांगल्याला गाठ मारावी लागते."

त्यांच्याकडे थेट तक्रार करताच यायची नाही. "आधी बरं, मग बाकीचं." प्राध्यापकांच्या मीटिंगमध्येही तेच. शिपाई कदममामा चहा घेऊन आत जायचे, म्हणून तिथलं सगळं आम्हाला कळायचं. अर्थशास्त्राचे गोखले सर या प्रकाराला फार वैतागलेले. मी कॉलेजात आले त्या पहिल्याच महिन्यात त्यांची पाळी आली, तर म्हणाले, "बरं म्हणजे, वर्गातला पंखा आज डोक्यावर पडला नाही."

"उत्तम," म्हणत सरांनी खरंच गाठ मारली. "आता तक्रार?"

"पंखा."

त्या दिवाळीनंतर सर पंधरा दिवस आले नाहीत. घरी काहीतरी झालं, एवढंच समजलं. कदममामाही त्याबद्दल बोलले नाहीत. सर परत आले तेव्हा रुमाल होताच.

घोडपदेवच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पहिल्याच सेमिस्टरला दोन विषयांत नापास झाले. घरी तोंड कसं दाखवायचं कळेना. नाव काढून घ्यायचा अर्ज लिहिला आणि सरांपुढे ठेवला.

"आधी बरं," सर म्हणाले.

"काहीच नाही, सर."

"मग अर्ज घेता येत नाही. नियम आहे."

असा नियम कुठेच नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. "काल आईनं बोंबील तळले होते."

सरांनी गाठ मारली आणि अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. "अशी दहा आण. मग सही करतो."

रोज काहीतरी सांगायला हवं, म्हणून मी आजूबाजूला बघायला लागले. चौथ्या दिवशी काही सुचेना. म्हटलं, "गोखले सरांनी काल एक आकृती पुन्हा काढून दाखवली. दुसऱ्यांदा कळली." सर तडक उठले आणि मला तिथेच उभी ठेवून स्टाफरूममध्ये गेले. काय बोलले माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर गोखले सर माझ्या बाकापाशी थांबले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "आणखी काही अडलंय का?" पुढच्या आठवड्यात तास संपल्यावर थांबणारे आम्ही सातजण होतो.

दहाव्या दिवशी मी म्हटलं, "सर, आजचं बरं म्हणजे... अर्ज परत हवाय."

सरांनी ड्रॉवर उघडला. त्या दिवशीची गाठ त्यांनी दातांनी आवळली.

या वर्षी मी पदवीधर झाले. सर तोवर निवृत्त झाले होते. पेढे घेऊन गिरगावात त्यांच्याकडे गेले. दोन खोल्या, सर एकटेच. कपाटात रुमालांचा गठ्ठा, सगळे गाठींचे.

"सर, या सोडवत नाही?"

"सोडवायची ही." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात गेला होता. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. मग मी कॉलेजातून गाठी आणायला लागलो. तिनं एक सोडवली की मी त्यातली गोष्ट सांगायची. गोखल्यांच्या पंख्याला फार हसली होती. त्या दिवाळीत गेली. आणायची सवय राहिली."

त्यांनी गठ्ठ्यातून एक रुमाल शोधून काढला आणि माझ्या हातात दिला. "हा तुझा. हे ऐकायला ती नव्हती."

दातांनी आवळलेली ती गाठ अजून घट्ट होती. नखं दुखली. सरांनी घाई केली नाही. सुटली, तेव्हा त्यांनी खुर्ची फोटोकडे वळवली आणि मला म्हणाले, "बोंबलांपासून सांग."